फावल्या वेळचा छंद : चित्र आणि तसबीर

गेल्या दोन अंकी जलरंगांचा कागद व कुंचले यांविषयी आम्ही जे लिहिले, त्यावर आलेल्या पत्रांत दोन प्रश्न वारंवार विचारलेले आढळले. पहिला असा की, समुद्र नाही, हिमाच्छादित शिखरे नाहीत, अशा आमच्या मराठवाड्यासारख्या मुलखात चितारावे तरी काय? दुसरा असा की, काढून झालेली चित्रे टिकवावी कशी? पहिला प्रश्न आम्हांस आवडतो. दुसरा मात्र आम्हांस टोचतो; का टोचतो, ते ओघाने येईलच.

विषयांचा तोटा कोठेच नसतो. तोटा असतो तो बसून पाहण्याचा. नांदेडास गोदावरीचा काठ आहे. मार्गशीर्ष-पौषातील पहाटे नगीनाघाटावर जाऊन बसावे. नदीवर धुके असते, पैलतीर एका फिकट निळसर पट्ट्याएवढाच उरतो, आणि ओल्या कागदावर ओला रंग सोडून देण्याची जी रीत आहे, तिचा धडा नदी स्वतःच देते. जवळच सचखंड हुजूर साहिब हे महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविलेले गुरुद्वारा-मंदिर. त्याच्या शुभ्रतेने आमची प्रथम चांगलीच फजिती केली. आम्ही सबंध कागदावर आकाशाचा हात फिरविला आणि मागाहून वर पांढरा रंग लावला. इमारत चुना फासलेल्या भिंतीसारखी निर्जीव दिसू लागली. तेव्हा कळले की, जलरंगांत पांढरा रंग डबीतून यावयाचा नसतो, तो कागदातूनच राखून ठेवावयाचा असतो. जे उजळ राहावे असे वाटते, त्यास प्रारंभापासूनच हात लावू नये.

लातुरास गंजगोलाई आहे. १९१७ साली उभारलेली ही वर्तुळाकार बाजारपेठ, मध्ये जगदंबेचे मंदिर आणि तेथे येऊन मिळणारे सोळा रस्ते. आम्ही तिन्ही वेळा सोळाही रस्ते कागदावर आणू पाहिले आणि तिन्ही कागद फुकट गेले. चौथ्या वेळी एका भांड्यांच्या दुकानावरील ताडपत्री आणि तिच्या सावलीत बसलेली एक भाजीवाली, एवढेच घेतले; आणि आश्चर्य असे की, पाहणारे तात्काळ म्हणाले, ‘ही तर गोलाई!’ कंधारच्या किल्ल्याचा काळा दगड पाऊस पडून गेल्यावर पाहावा. तो काळा नसतोच. त्यात जांभळी, निळी, हिरवी अशी किती तरी छटा असते. यास्तव डबीतला काळा रंग आम्ही केव्हाच वर्ज्य केला. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग एकत्र केले की, दगडास आणि कापसाच्या काळ्या जमिनीस शोभेल असा सजीव काळेपणा मिळतो.

आमच्याकडील उन्हाविषयी एक सूचना. चैत्र-वैशाखात पारा बेचाळीस अंशांवर गेला म्हणजे रंगाचा हात कागदाच्या खालच्या कडेस पोहोचण्यापूर्वीच वरची कड वाळून जाते आणि आकाशात पट्टे उमटतात. अशा दिवसांत सकाळी आठच्या आत काम उरकावे, कागदाची मागील बाजूही ओलवून घ्यावी आणि रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोनचार थेंब टाकावेत. एवढ्याने बरीच सवड मिळते.

परंतु विषय निवडणे आणि रंगविणे हे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे काम चित्राची तसबीर होताना घडते, आणि तेथे आमच्या हातून जो अपराध झाला तो आज सांगावयाचा आहे.

१९८९ सालच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही औसा तालुक्यातील एका खेड्यात, आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी, चार दिवस राहिलो होतो. घर जुन्या पद्धतीचे. दगडमातीच्या दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, लाकडी तुळयांवर पेललेले मातीचे माळवद, नक्षीचे दार आणि दारालगत ओटा. त्या ओट्यावर विद्यार्थ्याचे आजोबा अडकित्त्याने सुपारी कातरीत बसलेले असत. घरात व गावात सर्वजण त्यांस आबा म्हणत. आम्ही तो देखावा पावपत्री कागदावर, म्हणजे अकरा इंच बाय पंधरा इंच अशा मापात, एका सकाळी रंगविला. चित्र आमच्या मानाने बरे साधले. आबांनी ते हातभर दूर धरून पाहिले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, दार चांगलं उतरलं. मी जरा जास्तच म्हातारा दिसतो.’’ एक नक्कल करून पाठवितो, असे आम्ही त्यांस सांगितले. ती पाठविली नाही. आज करू, उद्या करू, असे म्हणता चार वर्षे गेली.

मूळ चित्राची आम्ही लातुरास तसबीर करून घेतली होती. दुकानदाराने कागद सुताराच्या पांढऱ्या गोंदाने सबंधच्या सबंध प्लायवूडवर चिकटविला, वर लागलीच काच बसविली आणि मागे वर्तमानपत्र लावले. चित्र कसे ताठ व चकचकीत दिसू लागले! आम्ही त्यास शाबासकी दिली आणि ती तसबीर पश्चिमेच्या भिंतीवर टांगली. त्या भिंतीस दर पावसाळ्यात ओल येई.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी, गणपतींचे विसर्जन करून गावे निजलेली. पहाटे चार वाजण्याच्या आत किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या जाड भिंतींनी व मातीच्या जड माळवदांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन व थंडी यांपासून राखले, त्याच अंगावर आल्या. कारण त्या भिंतींतील दगडांस मातीपलीकडे बंधन असे नव्हतेच. आबा त्यात गेले. आमचा विद्यार्थी लातुरास वसतिगृहात होता व त्याची आई माहेरी गेली होती, म्हणून ती दोघे वाचली. पुढे गाव नव्या जागी वसले. जुन्या जागी दाराची चौकटही उरली नाही.

२००८ साली तो विद्यार्थी आमचा पत्ता काढीत आला. त्यास ते चित्र आठवत होते. घराचे एकही छायाचित्र नाही, आबांचेही नाही. ‘‘सर, ते चित्र आईला एकदा दाखवायचं आहे,’’ असे तो म्हणाला. आम्ही मोठ्या उत्साहाने तसबीर भिंतीवरून उतरविली. एकोणीस वर्षांत ती आम्ही एकदाही उतरवून पाहिली नव्हती. काचेच्या आतून बुरशीचे करडे ठिपके दिसत होते, आणि खालच्या डाव्या भागात कागद काचेस चिकटला होता. त्या वेळी थांबावयास हवे होते. पण विद्यार्थ्यासमोर लाज वाटली आणि घाईघाईने आम्ही काच उचलली. आबांच्या अंगावरील सारा रंग कागदाच्या पापुद्र्यासह काचेबरोबर निघून आला.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंत स्वतः रेखाटलेल्या शकुंतलेच्या चित्रापुढे बसलेला आहे. त्यात महाकवीने एक बारीक गोष्ट टिपली आहे. राजाच्या बोटांच्या घामाने रेषांच्या कडा मळलेल्या आहेत, आणि चित्रातील गालावर त्याचे अश्रू पडल्याने तेथला रंग फुगून आला आहे. वर्गात हा श्लोक आम्ही कित्येक वर्षे प्रेमाचे लक्षण म्हणून शिकविला. घाम आणि ओल हे चित्राचे वैरी आहेत, हा त्यातील साधा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला.

चित्रास इजा करतो तो पुष्कळदा राखणाराच. आमच्याच मराठवाड्यातील अजिंठ्याचे उदाहरण घ्या. १९२० नंतरच्या एकदोन वर्षांत निजाम सरकारने तेथील भित्तिचित्रे वाचविण्यासाठी चेक्कोनी व ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांस आणविले. त्यांनी सुटू लागलेले पापुद्रे पुन्हा बसविले, हे त्यांचे उपकारच. परंतु वर जो लाखेचा रोगण दिला, तो कालांतराने पिवळा पडला आणि चित्रे झाकोळली. पुढील पिढ्यांतील तज्ज्ञांस तो रोगण काढीत बसावे लागले. हेतू शुद्ध होता, पण पदार्थ चुकला. यावरून जो नियम निघतो तो असा : चित्रास जे काही कराल ते असे करा की, उद्या कोणास ते काढावेसे वाटले तर चित्रास धक्का न लावता काढता आले पाहिजे.

या नियमास धरून आम्ही आता जी रीत पाळतो ती अशी. चित्र पुठ्ठ्यावर सबंध कधीही चिकटवावयाचे नाही. आम्लरहित असा मागचा पुठ्ठा घ्यावयाचा. त्यावर चित्र ठेवून केवळ वरच्या कडेस, मागील बाजूने, पातळ पण चिवट हातकागदाच्या दोन लहान पट्ट्यांनी ते टांगावयाचे. म्हणजे हवेतील ओलीप्रमाणे कागदास फुगावयास व आकसावयास मोकळीक राहते. वर खिडकी कापलेला माउंट. बाजूंस तीन इंच आणि खाली अर्धा इंच अधिक, कारण चारी बाजू समान ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखे भासते. हा माउंट केवळ शोभेचा नव्हे. त्याच्या जाडीमुळे काच आणि रंग यांत जी फट राहते, तीच चित्राचे प्राण वाचविते. साध्या लगद्याचा स्वस्त माउंट घेतला तर दोनचार वर्षांत कापलेल्या कडेस तपकिरी रेघ दिसू लागते व तो डाग पुढे चित्रातही उतरतो. पाठीमागे वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी या दोन वस्तूंस तर उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये.

पट्ट्यांस लागणारी खळ आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक तळाशी बसतो, ते गव्हाचे सत्त्वच होय. आणि जगभरच्या संग्रहालयांत जुने कागद जोडावयास हेच सत्त्व वापरतात. मात्र आंबटपणा जावा म्हणून तो चीक दोनतीनदा स्वच्छ पाण्याने निवळून घ्यावा. मीठ व हिंग घालण्यापूर्वी वाटीभर बाजूस काढून ठेवण्याची विनंती घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस करावी. एक भाग चीक, चारपाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईतो शिजवून, निववून वस्त्रगाळ केली की खळ तयार. ही पाण्याने पुन्हा सुटते, हाच तिचा गुण. कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत, ते येथे करू नये. त्यातील तांब्याने कागद ठिसूळ होतो. पट्टी लावल्यावर टीपकागद व वर वजन ठेवून ती पूर्ण वाळू द्यावी.

तसबीर ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, आणि ऊन पडते तेथेही नको; किरमिजी लेकसारखे रंग उन्हात पाहता पाहता उडून जातात. मागे खालच्या दोन कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत व तसबीर यांमधून हवा खेळेल. दसऱ्यापूर्वी घराची झाडलोट होतेच. त्या वेळी प्रत्येक तसबीर एकदा उतरवून, कोरड्या फडक्याने पुसून, आत डोकावून पाहावे. वडिलांची छायाचित्रे, जुन्या सनदा आणि जन्मपत्रिका यांसही हेच सारे लागू आहे. आणि कागद काचेस चिकटलेला आढळलाच, तर आमच्यासारखे ओढू नये. ती काच तशीच ठेवून जाणत्या माणसाकडे न्यावी.

आता त्या चित्राविषयी. उरलेला भाग घेऊन आम्ही विद्यार्थ्याबरोबर त्याच्या नव्या गावी गेलो. त्याच्या आईने चित्र मांडीवर घेतले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग दारावरून बोट फिरवीत म्हणाल्या, ‘‘दार तर आमचंच हाय, गुरुजी. आबा कुठं हाईत?’’

आम्ही घडले ते सांगितले आणि आठवणीवरून आबा पुन्हा रंगवून देतो, असे म्हटले. त्यांनी मान हलविली. ‘‘राहू द्या. तुम्ही काढाल ते दुसरंच कुणी तरी होईल. इथं बसायचे, एवढं कळतंय की.’’ आणि ओट्यावरच्या त्या पांढऱ्या जागेशेजारी त्यांनी बोट टेकले.

ते चित्र आम्ही वरील रीतीने नव्याने बसवून त्यांच्या स्वाधीन केले. पांढऱ्या जागेस हात लावला नाही. दर दसऱ्यास विद्यार्थी ती तसबीर उतरवून पाहतो आणि तसे पत्राने कळवितो. पुढील अंकी जुन्या छायाचित्रांच्या वह्यांविषयी लिहावयाचा विचार आहे. तोवर वाचकांनी आपल्या भिंतींवरील एक तरी तसबीर उतरवून मागून पाहावी.