किरायेदाराची पारख : दलालावर सोपवावी का?

गुरुकुंज मोझरी : मागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या, की दारावर ‘किरायाने देणे आहे’ अशी पाटी लावायची, किराणा दुकानात सांगून ठेवायचे आणि येणाऱ्याला ‘गाव कोणते, कोणाकडचे?’ एवढे विचारून किल्ली हाती द्यायची, ही वऱ्हाडातील लहान गावांची जुनी रीत. ओळख हीच चौकशी आणि शब्द हाच करार. मोझरीसारख्या गावात ही रीत आता अपुरी पडू लागली आहे. कारण खोली मागायला येणारा माणूस ओळखीचा असेलच, याची खात्री उरलेली नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये येथे आश्रमाची स्थापना केली. अमरावती-नागपूर महामार्गावरील या गावात आयुर्वेद महाविद्यालय आहे. आयुर्वेद पदवीचे प्रवेश ‘नीट’ परीक्षेतून होतात. त्यामुळे विद्यार्थी शेजारच्या तालुक्यातला असेल तसाच दूरच्या जिल्ह्यातलाही असू शकतो. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता, एवढा त्याचा मुक्काम. याच महामार्गावर अमरावतीच्या बाजूला नांदगाव पेठची औद्योगिक वसाहत आहे. तेथील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन 20 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाले. उद्योग वाढले, की परगावच्या कामगारांना खोल्या लागणारच. मग अनोळखी माणसाची पारख घरमालकाने स्वतः करावी, की शहरांप्रमाणे दलालाकडे सोपवावी?

हित एक नाही

दलालाची सोय खोटी नाही. घर मोझरीत आणि मालक पुण्यात नोकरीला, अशी स्थिती असेल, तर खोली दाखवायला, किल्ली सांभाळायला कोणी तरी लागतेच. प्रश्न त्याच्या मोबदल्याच्या स्वरूपाचा आहे. मोठ्या शहरांत साधारण एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेण्याचा प्रघात आहे. तीन हजार रुपये भाड्याच्या खोलीसाठी दर 11 महिन्यांनी नवा किरायेदार शोधून हीच दलाली द्यायची म्हटली, तर उत्पन्नाचा अकरावा हिस्सा त्यातच जातो. शिवाय दलालाचा लाभ व्यवहार लवकर ठरण्यात असतो. मालकाचा लाभ भाडे वेळेवर येण्यात आणि मुदत संपताच खोली रिकामी होण्यात असतो. व्यवहार ठरला, की दलालाचे काम संपते. मालकाचे तेथून सुरू होते.

दलालावर सरकारी अंकुश असेल, हा समजही अपुरा आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने मध्यस्थांना नोंदणी सक्तीची केली, ‘महारेरा’ने त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. परंतु ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील खरेदी-विक्रीच्या मध्यस्थांसाठी आहे. केवळ भाड्याने घर मिळवून देणारा दलाल त्या चौकटीत येत नाही.

जबाबदारी मालकाचीच

भाडे व्यवहारावर सरकारचे नियंत्रण वऱ्हाडाला नवे नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या 1949 च्या भाडे नियंत्रण आदेशानुसार घर रिकामे होणार असल्याची माहिती मालकाला सात दिवसांत प्रशासनाला द्यावी लागे, आणि ते घर सरकारी कर्मचाऱ्याला द्या, असा हुकूमही निघू शकत असे. हा आदेश जेथे लागू होता, तेथे किरायेदाराची निवड पूर्णपणे मालकाच्या हाती नव्हती. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 अमलात आला. त्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी मालकाची. त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इतकेच नव्हे, तर नोंदणी नसेल तेव्हा अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्या वेळी दलाल साक्षीला उभा राहील, याची हमी कोण देणार?

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज येथेच अडचणीत आणतो. केंद्राच्या नोंदणी कायद्याची सक्ती एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांना आहे, त्यातून हा समज रुजला. राज्याचा भाडे कायदा लागू असलेल्या क्षेत्रात तो टिकत नाही. हा कायदा प्रत्येक खेड्याला सरसकट लागू नाही. मात्र जेथे तो लागू नाही, तेथेही नोंदवलेला करार हाच वादाच्या वेळी भक्कम पुरावा असतो. खर्चही अवाच्या सवा नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या, अनामत रकमेवरील व्याज धरून, 0.25 टक्के आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही करता येते.

काय विचारावे, काय विचारू नये

पारख म्हणजे संशय नव्हे. ओळखपत्र, महाविद्यालयाचे किंवा मालकाचे पत्र, पालकांचा दूरध्वनी आणि आधीच्या घरमालकाशी दोन शब्द, एवढ्याने बरेच कळते. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्याला देणे हेही मालकाचे काम. त्याची सोय राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर आहे.

मात्र ‘कोणाकडचे?’ या जुन्या प्रश्नात पुष्कळदा जातीची विचारणा दडलेली असते. दलाल आला, तरी ती थांबत नाही. मालकाला जे तोंडावर बोलवत नाही, ते दलाल परस्पर सांगून मोकळा होतो. खोली रिकामी असूनही ‘कालच गेली’ असे ऐकून परतणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे कारण कळत नाही, असे नाही. सर्वधर्मीय सामुदायिक प्रार्थनेसाठी ओळखल्या जाणाऱ्या गुरुकुंजाच्या परिसरात तरी ही चाळणी शोभणारी नाही. ती उपयोगाचीही नाही. भाडे वेळेवर मिळेल की नाही, हे आडनावावरून समजत नाही.

पारख दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. राज्याच्या भाडे कायद्याचे कलम 31 भाड्याची लेखी पावती देण्याचे बंधन मालकावर घालते. पावती देणारा, अनामत रक्कम करारात लिहिणारा मालक विद्यार्थ्यांच्या पालकांनाही हवाच असतो. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. तो राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो, तरी व्यवहारातील मोजमाप म्हणून उपयोगी आहे.

तेव्हा शोधण्याचे काम गरजेपुरते दलालाला देता येईल. प्रत्यक्ष भेट, कागदांची तपासणी आणि करारावरील सही मात्र मालकाने स्वतःकडेच ठेवावी. गावाने मनावर घेतले, तर ग्रामपंचायत आणि महाविद्यालय मिळून रिकाम्या खोल्यांची यादी लावू शकतात. गावाची कामे गावाने करावीत, हा ‘ग्रामगीते’चा विचार ज्या भूमीत रुजला, तेथे एवढे अवघड नसावे.