गणवेश परत मिळाला, शाळा कधी मिळणार?

झेडपीच्या शाळेतल्या पोरांचे कपडे मुंबईहून ठरवायला गेले की काय होते, ते २०२४-२५ च्या शालेय वर्षात आपण पाहिले. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली, शिलाई बचत गटांकडे गेली. कित्येक शाळांत पंधरा ऑगस्ट उलटला तरी गणवेशाचा पत्ता नव्हता. जे आले त्यातले काही पोरांच्या अंगाला बसेनात. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. ठीक झाले. गावच्या शिंप्याला जे जमते त्याला मंत्रालय कशाला लागते?

पण समिती म्हणजे काही गणवेश कमिटी नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला घातल्या आहेत. शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा, आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेने, त्या आराखड्यावरूनच नियोजन करून अनुदान द्यायचे, असे कलम २२ स्पष्ट सांगते. प्रत्यक्षात चालते उलटे. वरून जे येईल ते घ्यायचे, आणि आराखडा मुख्याध्यापकांनी एका बैठकीत भरून घ्यायचा. आईबाया सहीपुरत्या. अध्यक्ष कोणत्या पार्टीचा यावर मात्र गावात महिनाभर खल चालतो!

याचा अर्थ झेडपीने अंग काढून घ्यावे असा नाही. शिक्षक देणे, बदलीने रिकामी झालेली जागा भरणे, गळक्या छताची अभियंत्याकडून पाहणी करून घेणे, ही कामे गावाच्या आवाक्यातली नाहीत. ती जिल्हा परिषदेचीच. पैसा आणि माणूस न देता नुसता अधिकार दिला, तर ते जबाबदारी झटकणेच झाले.

गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळाभेटीत हजेरीपट आणि पोषण आहाराच्या नोंदीबरोबर हा आराखडाही मागावा, आणि त्यातली कोणती मागणी पंचायत समितीत अडकली तेही सांगावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. आपल्या शाळेचा आराखडा शेवटी कधी झाला आणि त्यात काय लिहिलंय, एवढे तरी येत्या ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारा.