विद्यार्थ्यांचा लघुपट : मुलं नेमकं काय शिकली?

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या लघुपटाला तालुक्यात दुसरा क्रमांक मिळाला. सत्कार झाला, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले. नंतर आठवीतल्या एका मुलाला मी सहज विचारलं, "काय रे, पिक्चर करताना काय शिकलास?" तो म्हणाला, "सर, तुम्ही सांगाल तिथं उभं राहायला."

त्यात खोटं काहीच नव्हतं. गोष्ट माझी, संवाद माझे, फोन माझा. रात्री जागून एडिटिंगही मीच केलेलं. मुलं फक्त पडद्यावर होती. शिक्षक मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांचे 'विद्यार्थ्यांचे लघुपट' असेच बनतात, आणि अहवालात मात्र आपण 'सर्जनशीलता, संघभावना, तंत्रज्ञानाची ओळख' असं बिनदिक्कत लिहून मोकळे होतो. म्हणून यंदा ठरवलं, आपण फोनला हात लावायचा नाही.

सुरुवात मटकीपासून केली. 'राजा हरिश्चंद्र' 1913 सालचा. त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीचं चित्रण केलं होतं, हे मुलांना सांगितलं. मग भिजवलेली मटकी, खिडकीत टेकवलेला फोन, आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो. दिवसरात्र मिळून 144 फोटो. एका सेकंदाला 24 चित्रं धरली तर चित्रपट किती वेळाचा? सहा सेकंदांचा! एवढी खटपट आणि फक्त सहा सेकंद, म्हणून मुलांचे चेहरे पडले. पण तेव्हापासून 'सर, एका तासात शूटिंग उरकू' असं कुणी म्हणालं नाही. (पालकांनो, घरी करून पाहा. मटकीची उसळ तर होतेच.)

विषय मुलांनीच निवडला. संध्याकाळची एसटी आली नाही तर वाडीवरच्या मुलींनी काय करायचं? पास मोफत आहे, पण गाडीच आली नाही तर पासाचं करायचं काय? मला हा विषय सुचला नसता. मी झाडं लावा, स्वच्छता ठेवा, असंच काहीतरी घेतलं असतं.

पहिल्या मसुद्यात मुलगी उशिरा घरी येते आणि म्हणते, "आजी, आज बसगाडी न आल्यामुळे मला विलंब झाला." आजीचं काम करायला एका मुलीची खरी आजीच आली होती. तिनं ऐकलं आणि हसायलाच लागली. "आगं, आसं कोण बोलतंय व्हय? घरात आल्यावर पोरगी आधी पानी मागंल." मुलांनी तो संवाद कापला. मुलगी येते, दप्तर टाकते, माठाकडे जाते. बस्स. आजी विचारते, "यष्टी न्हाई आली?" मी भाषा शिकवतो, पण संवादलेखनाचे दोन गुण कशासाठी असतात हे मला त्या आजीनं दाखवलं. पुढे 'न्हाई' कसं लिहायचं यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. वीस वर्षांत आमच्या वर्गात बोलीवर इतका गंभीर विचार झाला नव्हता.

आवाजानं सगळ्यांना रडवलं. थांब्यावर वारा सुटला होता, रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर. कुणाला तरी सुचलं की बोलणाऱ्याजवळ दुसरा फोन ठेवून आवाज वेगळा घ्यावा. मग चित्र आणि आवाज जुळवायचे कसे? प्रत्येक शॉटच्या आधी एकदा टाळी वाजवायची. हात जिथं भेटतात ते चित्र आणि टाळीचा आवाज एकमेकांवर बसवायचा. शॉटचा क्रमांक लिहायला शाळेतली जुनी पाटी घेतली. वर्गात कधीच न बोलणारी एक मुलगी वही घेऊन बसली होती. कोणत्या शॉटमध्ये रिबन लाल, कोणत्यात दप्तर कुठल्या खांद्यावर, हे सगळं ती टिपत होती. दुसऱ्या दिवशी नायिका पांढरी रिबन बांधून आली. या मुलीनं चक्क ओरडून शूटिंग थांबवलं. तिचा आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला.

खरी परीक्षा एडिटिंगला झाली. 47 मिनिटांचं चित्रण होतं, लघुपट पाच मिनिटांचा करायचा. कंडक्टर झालेल्या मुलाचा प्रसंग सगळ्यात झकास जमला होता, सगळे पोट धरून हसायचे. पण तो ठेवला की मुलीची काळजी वाटेनाशी व्हायची. दोन दिवस भांडण चाललं. मी मध्ये पडलो नाही, हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात फार जड गेलं. शेवटी हात वर करून मतं घेतली. कापण्याच्या बाजूनं त्या मुलाचाही हात वर होता. डोळे भरलेले होते, पण हात वर होता.

एक पालक म्हणाले, "अभ्यास सोडून हे पिक्चरचं खूळ कशाला, गुरुजी? आधीच मोबाइल सुटत नाही." रास्त प्रश्न आहे. गुण वाढले असं मी सांगणार नाही, कारण तसं दिसलेलं नाही. पण परवा निबंध तपासताना एका मुलीनं पहिली चार वाक्यं स्वतःच खोडलेली दिसली. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथून सुरू केलं तरी चालतं.' आणि मोबाइलचं म्हणाल तर तो मुलांच्या हातात आधीपासून आहेच. तीस सेकंदांची रील पाहताना कुठे कापलंय, आवाज कुठून आणून लावलाय, हे आता ती एकमेकांना दाखवतात.

लघुपट ओबडधोबड झालाय. एका शॉटमध्ये मागून म्हैस जाते आणि परत येते. स्पर्धेला पाठवला नाही. पालकसभेत भिंतीला चादर लावून दाखवला. तांत्रिक सफाई पाहिली तर माझा बक्षीसवाला लघुपट नक्कीच उजवा आहे.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी भरायला घेतल्या तेव्हा कंडक्टरच्या नावापुढे थांबलो. 'अभिनयात रस घेतो' असं दरवर्षीसारखं लिहिणार होतो. त्याऐवजी लिहिलं, 'स्वतःचा आवडता प्रसंग कापायला मत दिलं.'