गिझरची टिकटिक



नाशिकला डिसेंबर लागला की आमच्या घरात सगळ्यात आधी गिझर उठतो. फजरच्या अजानआधीच न्हाणीघरातून टिक-टिक-टिक ऐकू येते, मग भप्प आवाज, आणि पाठोपाठ अब्बाजींचे खोकणे. माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. थंड पाण्याने वुजू केला की त्यांची बोटे आखडतात, म्हणून चार वर्षांपूर्वी हा गॅसचा गिझर घेतला. वीज गेली तरी चालतो, हे त्याचे मोठे कौतुक.

यंदा त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. पेटायचा, सात-आठ मिनिटे चालायचा आणि आपोआप विझायचा. डोक्याला साबण लावलेला असताना बर्फासारखे पाणी अंगावर आले की माणूस काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मी भाषा शिकवणारी बाई, यंत्राशी माझे फारसे सख्य नाही. पण मेकॅनिक दोन दिवसांनी येणार होता, तेव्हा स्वतःच पाहायचे ठरवले. या गिझरचे तत्त्व तसे सोपे आहे. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा फुगतो, तो एक दांडी पुढे ढकलतो, त्याने गॅस उघडतो आणि ठिणगी पडते. ठिणगीसाठी खालच्या डबीत दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. म्हणजे टिकटिक अजिबात ऐकू येत नसेल तर आधी सेल बदलावेत. नवे सेल घालूनही टिकटिक नसेल तर पाण्याचा दाब पाहावा. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, गच्चीवरची टाकी जेमतेम डोक्यावर, त्यामुळे टाकी अर्धी झाली की दाब कमी पडतो. पाणी आत येते तिथे बारीक जाळी असते, तीही गाळाने भरते. बोअरचे पाणी असेल तर नळ्यांत क्षार बसतो. टिकटिक होते पण पेटत नाही, तर मग गॅस येत नाही असे समजावे. सिलिंडर संपला, रेग्युलेटर नीट बसला नाही, किंवा नव्या सिलिंडरनंतर नळीत हवा अडकली.

हे सगळे करून झाले. सेल बदलले, जाळी टूथब्रशने घासली. गिझर पेटतच होता; विझायचा मात्र थांबेना.

त्याच आठवड्यात माझी दहावीतली मुलगी जुम्याच्या दिवशी केस धुऊन बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ‘अम्मी, डोकं खूप दुखतंय, मळमळतंय.’ मी काय म्हटले असेल? रात्री उशिरापर्यंत मोबाइल, सकाळी नाश्ता नाही, दुसरे काय होणार! तिला चहा-बिस्किट दिले, ती बाल्कनीत बसली, अर्ध्या तासात बरी झाली. दोन दिवसांनी अब्बाजी आंघोळीनंतर म्हणाले, ‘बेटा, दीवारें घूम रही हैं.’ त्यांना मी रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून दिली. दोन माणसे, दोन वेळा, एकच न्हाणीघर. मुलांच्या वह्यांत अशी जुळणी मी लाल शाईने दाखवली असती. घरात मला ती दिसली नाही.

मेकॅनिक आला. वयस्कर, कमी बोलणारा. त्याने गिझर उघडलाच नाही. दार उघडे ठेवून नळ सोडला आणि पंधरा मिनिटे नुसता उभा राहिला. गिझर चालू राहिला, ज्योत निळी. मग दार लावून घेतले आणि मला आत बोलावले. पाच-सहा मिनिटांनी ज्योतीचे शेंडे पिवळे झाले, ती डळमळू लागली आणि विझली. त्याने दार उघडून मला बाहेर काढले आणि वर बोट दाखवले.

वर झरोका आहे. त्याच्या काचपट्ट्यांमधून वारा येतो म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी मी त्यावर पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारली होती. दाराखालच्या फटीत जुने पायपुसणे कोंबले होते. तेही मीच.

‘बाई, मशीन बरोबर आहे. हवा नाही तर आग कशी जगेल? आणि तुम्ही तरी कशा जगाल?’

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सगळे समजावले. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली तर ती निळी जळते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून बसते. त्याला रंग नाही, वास नाही. मराठीच्या तासाला ‘रंगहीन’, ‘गंधहीन’ आणि उर्दूच्या तासाला ‘बेरंग’, ‘बेबू’ ही उदाहरणे मी किती वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे! सिलिंडर गळला तर कळतो, कारण त्या गॅसमध्ये मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो. हा मात्र गिझर चालू असताना नकळत खोलीत भरतो. माझ्या मुलीला झाली ती त्याचीच सुरुवात. पुढची पायरी म्हणजे शुद्ध हरपणे. आत एकटे माणूस, कडी लावलेली.

आमच्या गिझरचे नशीब चांगले, म्हणजे आमचेच. त्यात ज्योत ओळखणारी एक कांडी असते; ज्योत डळमळली की ती गॅस बंद करते. ज्याला मी बिघाड समजून शिव्या देत होते, ती त्याची राखण होती. पण ती काही भरवशाची गोष्ट नाही. ज्योत पिवळी होऊनही तास न् तास जळत राहणारे गिझर असतात. बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचे जाळे असले तर खिडकी उघडी असूनही ज्योत पिवळी पडते, वरच्या पत्र्याला काजळी धरते. पेटताना भप्प असा मोठा आवाज होणे हेही चांगले नाही. ठिणगी उशिरा पडते, तोवर गॅस साचतो. अशा वेळी स्क्रू काढत बसू नये, गिझर बंद ठेवून माणूस बोलवावा. नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते मात्र आपण पाहू शकतो. काडी पेटवून कधीही पाहू नये. गॅसचा वास आलाच तर रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, विजेच्या बटणांना हात लावायचा नाही आणि १९०६ ला फोन करायचा.

आणि आत कोणी चक्कर येऊन पडले तर? आधी त्याला मोकळ्या हवेत ओढून आणावे, गिझर बंद करावा, १०८ ला फोन करावा. डॉक्टरांना ‘गॅसचा गिझर चालू होता’ हे आठवणीने सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवते, आकडा चांगला दाखवते. रक्ताची वेगळी तपासणी लागते.

आता आमचा गिझर बाल्कनीच्या बाहेरच्या भिंतीवर आहे, फक्त गरम पाण्याची नळी आत येते. नळी लांबल्यामुळे पहिला तांब्या थंडच येतो आणि अब्बाजी त्यावर रोज एक वाक्य बोलतात. ज्यांना गिझर हलवता येत नाही त्यांनी निदान बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, मग आंघोळीला जावे. झरोका मात्र उघडाच.

रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना समोरच्या इमारतीकडे लक्ष गेले. तीन न्हाणीघरांचे झरोके बंद होते. दोघांवर पुठ्ठा, एकात सिमेंटची गोणी. दोघींनी माझ्यासमोरच काढले. तिसऱ्या घराला कुलूप आहे, ती माहेरी गेली आहे. कोणाकडे तिचा नंबर आहे का, विचारते आहे.