आवरू नका

लेहला आल्यावर माझ्या जुन्या बुलेटने पहिल्याच आठवड्यात काळा धूर ओकायला सुरुवात केली. साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ, आणि कार्ब्युरेटर पेट्रोल देतो ते खालच्याच हिशेबाने. उपाय सोपा आहे. स्लाइडमधली सुई काढायची आणि तिच्यावरची क्लिप एक खाच वर सरकवायची. मग सुई खाली उतरते आणि पेट्रोल कमी जातं. पण ही क्लिप करंगळीच्या नखाहून लहान. थंडीने बोटं बधिर झालेली असताना ती उडाली की बसा खडीत शोधत.

युनिटमधले तरुण अधिकारी म्हणतात, "सर, उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा, झालं!" मीही काढतो. पण वस्तू कुठे होती एवढंच फोटो सांगतो, आत्ता कुठे आहे ते सांगत नाही. मॅग्नेटची वाटीही माझ्याकडे आहे. स्टीलचे स्क्रू तिला चिकटतात, पितळेचे जेट चिकटत नाहीत. आणि नेमके तेच हरवतात.

माझी खरी तक्रार मात्र आम्हा फौजी लोकांच्या टापटिपीबद्दल आहे. खडकवासल्याला एनडीएत आम्हाला दोन सवयी लागल्या. एक कपाटाच्या इन्स्पेक्शनची: सारख्याजवळ सारखं, घडीवर घडी, साहेबांच्या डोळ्यांना बरं वाटेल असं. दुसरी 'खोलना-जोडना'ची. रायफल उघडताना पहिला निघालेला भाग ग्राउंडशीटच्या एका टोकाला, शेवटचा दुसऱ्या टोकाला, आणि जोडताना उलट चालत यायचं. डोळ्यांवर पट्टी बांधूनसुद्धा. मोटारसायकलला दुसरी सवय लागते. पुढे हुद्दा वाढतो तशी आपल्या अंगात पहिलीच उरते.

हे मला तेजपूरच्या पोस्टिंगमध्ये कळलं. आमच्या एका नायकाने, साताऱ्याकडचा पोरगा, ब्रेकशू बदलायला बॅरेकमागे स्वतःच्या गाडीचं मागचं चाक उघडलं होतं. पोत्यावर एका ओळीत नट, वॉशर, बुश, स्प्रिंगा. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांची व्हिजिट होती आणि मला तो पसारा दिसला.

"हे सगळं एका डब्यात भर. आवर."

"साहेब, अर्ध्या तासात जोडून होतंय."

"आत्ता."

त्याने भरलं. व्हिजिट संपल्यावर रात्री टॉर्चच्या उजेडात त्याने चाक जोडलं. ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला धरून ठेवणारी एक पट्टी असते. तिचा नट सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन घालतात. ती राहिली. नट घट्ट होता, त्यामुळे दोन-तीन आठवडे काही जाणवलं नाही. मग एका संध्याकाळी बाजारातून येताना त्याने ब्रेक दाबला, प्लेट फिरली आणि चाक जाम झालं. वेग कमी होता आणि मागे ट्रक नव्हता, म्हणून कॉलरबोनवर निभावलं.

डबा मी स्वतः उपडा केला. पिन तळाला, ग्रीसमध्ये चिकटलेली होती. त्याने जबाबात लिहून दिलं होतं, "माझ्या हातून राहिली." त्याच्याखाली मी माझं वाक्य लिहिलं: आवरायला मी सांगितलं होतं.

आता माझ्याकडे कॅन्टीनच्या रमचा रिकामा खोका असतो. त्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा, भोकं पाडायची आणि ज्या जागेचा स्क्रू त्या भोकात खोचायचा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. आखूड जागी लांब स्क्रू पिळला की ॲल्युमिनियमला तडा जातो. नट मोकळा ठेवायचा नाही, निघालेल्या बोल्टवरच दोन पेच फिरवून ठेवायचा. जोडून झालं की पुठ्ठ्यावर काही उरता कामा नये. "एक नट उरला तरी गाडी चालते," हा विनोद मेसमध्ये अजून चालतो. मला हसू येत नाही.

येत्या रविवारी कार्ब्युरेटर उघडायचा आहे. सुईच्या क्लिपसाठी पांढरा रुमाल काढून ठेवलाय, खडीऐवजी त्यावर पडली तर दिसेल. आणि सहायकाला बजावलंय, मी मध्येच चहाला उठलो तर पुठ्ठ्याला हात लावू नकोस. कमांडिंग ऑफिसर आले तरी.