कोणाची स्किन?

मुलीला शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाचासाठी ‘स्किन कलर’ची लेगिंग हवी होती. ऑफिस सुटल्यावर तिला घेऊन म्हापशाच्या बाजारात गेले. दुकानदाराने काही न विचारता फिकट गुलाबी-पिवळट पाकीट पुढे टाकलं. मुलीने त्यावर आपला सावळा हात ठेवला आणि विचारलं, “आई, ही कोणाची स्किन?” दुकानदार हसला. मीही हसले. घरी पोचेपर्यंत त्या हसण्याची लाज वाटू लागली.

वाचकहो, पेडण्यापासून काणकोणापर्यंत बसने फिरा आणि त्या पाकिटाशी जुळणारे हात मोजा! आपण भात खाणारी माणसं, पण लग्नाच्या जाहिरातीत सगळ्या मुली ‘गव्हाळ’. उकड्या तांदळाच्या रंगाची मुलगी जाहिरातीत कधी दिसली आहे?

“रंगाचं नाव ते, एवढं काय मनावर घ्यायचं?” असं म्हणणारे भेटतातच. मी सरकारी कारकून. फॉर्ममधला रकाना काय करतो ते मला विचारा. जे रकान्यात बसत नाही ते ‘इतर’ होतं. ‘स्किन’चा एकच रकाना ठेवला की बाकीच्या कातड्या ‘इतर’. मग अस्तर, स्लिप, चिकटपट्टी, सगळा माल त्याच एका रंगात निघतो.

दुसरे म्हणतात, हे परदेशी खूळ. खूळ परदेशी खरंच, पण ते ‘न्यूड’ आणि ‘फ्लेश’ या नावांचं! अमेरिकेत क्रेयोला कंपनीने ‘फ्लेश’ खडूचं नाव १९६२ सालीच बदलून ‘पीच’ केलं. २००९ मध्ये मनमोहन सिंग यांच्या सन्मानार्थ व्हाइट हाउसमध्ये मेजवानी झाली. मिशेल ओबामांनी त्या वेळी मुंबईत जन्मलेल्या नईम खान यांचा गाऊन घातला होता. एका वृत्तसंस्थेने त्याचा रंग ‘फ्लेश’ लिहिला आणि मग तो ‘शॅम्पेन’ करावा लागला. २०१३ मध्ये लुबुतांने ‘न्यूड’ बूट पाच छटांत आणले. आपण मात्र अजून ‘स्किन’लाच चिकटून!

नुसतं नाव बदलूनही भागत नाही. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. चांगलं झालं. पण “सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस” यातला तो ‘पण’ आपल्या घरातून गेला का?

आमच्या आया साड्यांचे रंग सांगायच्या: आमसुली, डाळिंबी, अबोली, मोरपंखी, बदामी. एकाही नावाने कुणाच्या अंगावर हक्क सांगितला नाही. तेव्हा दुकानदारांनो, त्या फिकट रंगाला बदामी म्हणा, आणि शेजारी नाचणी, दालचिनी, जायफळ, कॉफी या रंगांचा मालही ठेवा. नुसती पाटी नको.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? समोर ‘स्किन कलर’ टाकला की न हसता एवढंच विचारायचं: कोणाची?