भिंतीवरचा तारपा खाली काढा

जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या जेवणघरात भिंतीला तारपा, म्हणजे आमच्याकडचं भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, टांगलाय. त्यावर पिवळा दिवा सोडलाय, भोपळ्याला वार्निश मारलंय. मी जवळ जाऊन नळीत डोकावलो. आत जीभच नाही. जी बांबूची पात थरथरते आणि सूर निघतो, ती बसवलेलीच नाही. म्हणजे हे वाजण्यासाठी केलेलंच नव्हतं. शेजारच्या टेबलावरची माणसं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढत होती. याला मालक संस्कृती जपणं म्हणतो. प्रेताला शालू नेसवावा तसा हा प्रकार आहे आणि मला त्याची चीड येते.

जुन्या वाद्याचं वेड मला कळत नाही असं कुणी समजू नये. मी मास्तर म्हणून मोखाड्यात आलो तेव्हा ट्रंकेबरोबर नाशिकला सेकंडहँड घेतलेली गिटार होती, ती अजून आहे. अमेरिकेत मार्टिन कंपनीने 1933 ते 1942 या काळात डी-45 नावाच्या फक्त 91 गिटारी केल्या. आज त्यातली एक घ्यायची तर कोटींचा व्यवहार होतो. त्यात नुसता श्रीमंती चोचला नाही. लाकूड वर्षानुवर्षं वाळतं, त्यातली राळ घट्ट होते, वरचा पाट हलका होतो आणि बारीकशा छेडीलाही बोलतो. तिकडची जुनी लोकगाणी वाजवणारे असली गिटार शोधत फिरतात ते याच आवाजासाठी, आणि मिळाली की ती वाजवतात.

पण तोच हिशेब आमच्याकडचे शहाणे तारप्याला लावतात तिथे घात होतो. तारपा म्हणजे वेलीवर जून झालेला, आतून कोरलेला भोपळा. त्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सगळे सांधे मेणाने बंद. भोपळा तडकतो, त्याला कीड लागते, उंदीर कुरतडतात, पानं सुटतात. ऐंशी वर्षांचा तारपा कपाटात ठेवून आवाज पिकत नाही. पिकलेलं असतं ते बी, कुठला भोपळा घ्यायचा ते ओळखणारी नजर, भोकांचं माप बोटांनी धरणारा हात, आणि नाकाने श्वास ओढत गालातली हवा सोडत तासन्‌तास सूर तुटू न देणारा दम. हे सगळं माणसात राहतं. त्या माणसाला उपाशी ठेवायचं आणि भोपळ्याला वार्निश मारायचं, याला मी चोरी म्हणतो.

आमच्या पाड्यावरच्या बाबांना मी तारपा दुरुस्त करताना पाहिलंय. चुलीतला निखारा चिमट्याने पुढे ओढून त्यांनी काळ्या मेणाचा गोळा शेकला. अंगठ्याने तो सांध्यावर पसरवला, वारा निसटतो का ते ओठ लावून पाहिलं, पुन्हा दाबला. मग जीभ काढली, थुंकीने ओली केली, ब्लेडने एक केसभर तासली, फुंकली, मान हलवली, पुन्हा तासली. अर्धा तास गेला. शेवटी फुंकल्यावर अंगणातली कुत्री उठून उभी राहिली, इतका तो आवाज जमिनीतून आल्यासारखा होता.

त्या दिवशी मी गिटार घेऊन गेलो होतो. माझ्या सुराशी त्यांचा सूर जुळेना. मी म्हणालो, "बाबा, तुमचा जरा वर घ्या." त्यांनी माझ्या गिटारीकडे बोट केलं. "मास्तर, पिळायच्या खुंट्या तुझ्याकडं आहेत. तूच पीळ." मी सहाच्या सहा तारा उतरवल्या. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: लोकवाद्याबरोबर वाजवायचं तर ज्याच्याकडे खुंट्या आहेत त्याने वाकायचं. शहरातले संगीतकार नेमकं उलटं करतात. कीबोर्डच्या पट्टीत तयार झालेला ट्रॅक लावतात, त्यावर तारपा बसत नाही म्हणून तो बेसूर ठरवतात, आणि मग तारप्याचा आवाज म्हणून कीबोर्डच वाजवतात. इथल्या लग्नांतला डीजे तेच करतो.

तारप्याचं चित्र मात्र जगभर पोचलं. वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली होती, आणि तो मान रास्त होता. मधोमध तारपा, भोवती गोल गोल फिरणारी माणसं, हे चित्र एसटी स्टँडच्या भिंतीवर, कपांवर, उशीच्या अभ्र्यांवर आहे. पण ते विकत घेणाऱ्या शंभरातल्या किती जणांनी त्या गोलाच्या मध्ये उभ्या माणसाचा आवाज ऐकलाय? नाचणारी माणसं तारप्याकडे पाठ करत नाहीत, हा तिथला नेम आहे. आपण सगळ्यांनी पाठ केलीय आणि चित्र छातीवर मिरवतोय.

2026 साली जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावच्या भिकल्या लाडक्या धिंडा या नव्वदीतल्या तारपावादकांना पद्मश्री जाहीर झाली. मला मनापासून आनंद झाला. पण नव्वदीपर्यंत वाट पाहायला लावणाऱ्या समाजाने त्यावर स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. त्यांच्यामागून येणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसाचं काय चाललंय ते बघा. तारप्याचा हंगाम पावसाच्या अखेरीपासून, नवा भात तयार होतो तेव्हापासून दिवाळीपर्यंतचा. दिवाळी सरली की मोखाड्याचे पाडे रिकामे होतात. माणसं बायकापोरांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. शिकणारा पोरगा बापाबरोबर भट्टीवर. तारपा छपराला टांगलेला, घरात कुणी नाही, उंदीर आहेत. पाड्यावर कामच नसेल तर तारपा कुणासाठी वाजणार?

आणि कार्यक्रमवाले! ते येतात टेम्पो घेऊन. एका उद्‌घाटनाला आमच्या पाड्यावरचे वीस जण नेले, पाहुणे येईपर्यंत तीन तास उन्हात उभे केले, पाहुणे उतरल्यावर तीन मिनिटं वाजवायला दिली. नाचाची घोळकाठी आपटून गडी रंगात येत होता तोवर माइकवरून "धन्यवाद" झालं. शाल, नारळ, वडापाव. मजुरी विचारली तर आयोजक म्हणाले, ही तर तुमची कला आहे. कला आहे म्हणून फुकट? गिटारवाल्याला त्याच मंचावर पाकीट मिळालं, ते मी पाहिलंय.

माझं मागणं साधं आहे. टेम्पोत बसवलेल्या प्रत्येकाला दिवसाची पूर्ण मजुरी द्या, वाजवणाऱ्याला त्याहून जास्त. पाड्यावर दिवाळीनंतर रोजगार हमीचं काम काढा, पैसे वेळेत द्या. प्रत्येक आश्रमशाळेच्या कुंपणाला भोपळ्याचे वेल चढवा, आणि महिन्यातून चार दिवस गावातल्या म्हाताऱ्याला मानधनावर मास्तर म्हणून बोलवा. रिसॉर्टवाल्यांनो, तुम्ही तो बिनजिभेचा भोपळा उतरवा आणि त्या भिंतीखाली वाजवणाऱ्याला खुर्ची द्या.

बाबांनी दिलेल्या बिया मी जूनमध्ये परसात लावल्या होत्या. तीन भोपळे धरले. दोनांचा गळा आखूड निघाला. तिसरा मी बाबांना दाखवला, त्यांनी नखाने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "अजून महिनाभर वेलीवर राहू दे."